पुरचुंडी पुढे गेली

बुधवारी सकाळी साडेआठच्या सुमारास श्रीपादराव आपटे नौकेच्या डेकवर आले आणि शेजारची जागा रिकामी पाहून जागच्या जागी उभे राहिले.

काल संध्याकाळपर्यंत तेथे युपची हिरवी नौका होती. आता तेथे गढूळ पाणी होते आणि त्या पाण्यावर वाहून आलेल्या काटक्या, प्लास्टिकची एक बादली आणि कोणाच्या तरी बागेतली पांढरी खुर्ची संथपणे गोल फिरत होती. धक्क्यापलीकडे ऱ्हाइन नदी आपल्या पूर्ण रूपात वाहत होती. एरवी ती निळसर, शहाण्यासारखी असे. आज तिचा रंग काकवीसारखा झाला होता आणि तिच्या अंगावरून आख्खे ओंडके न बुडता, न डगमगता कोलोनकडून खाली चालले होते.

"अहो," आतून सुनेत्राबाईंचा आवाज आला, "चहा निवतोय. आणि ते दार लावून घ्या, सगळी थंडी आत येतेय."

"युप गेला?"

"सातलाच गेला. तुम्ही आंघोळीला होतात. मी हात केला त्याला."

"सातला? अगं, त्याची आणि आपली वेळ अकराची ठरली होती ना?"

"बंदरातून फोन आला म्हणे त्याला. मोझेल नदीचं पाणी अंदाजाच्या आधीच येऊन मिळालंय. जो आधी पोचेल त्याला जागा. आता आपणही अकराची वाट बघायची नाही. चहा घ्या आणि इंजिन तापवायला लागा."

श्रीपादरावांनी चहाचा पेला हातात घेतला खरा. पण तो तोंडाला लावलाच नाही. इंजिन तापवायचे तर किल्ली हवी, आणि किल्ली नौकेवर नव्हती. ती युपबरोबर गेली होती.

हे असे कसे झाले, ते सांगायला हवे. श्रीपादराव आणि सुनेत्राबाई गेली चव्वेचाळीस वर्षे जर्मनीत राहत होते. हॅनोव्हरला श्रीपादरावांची नोकरी मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या एका कारखान्यात झाली, सुनेत्राबाईंची रुग्णालयात परिचारिका म्हणून. निवृत्तीनंतर सुनेत्राबाईंनीच हट्ट धरला की आता भिंतींच्या घरात राहणे पुरे झाले. कोलोनच्या उत्तरेला, नदीच्या एका आत वळलेल्या खाचेत, पंधरा-वीस नौका उभ्या राहतील एवढा धक्का होता. तेथे अकरा मीटर लांबीची ही जुनी नौका त्यांनी घेतली आणि तिचे नाव 'मंदाकिनी' ठेवले. नौका चालवण्याच्या परवान्याची परीक्षा बासष्टाव्या वर्षी सुनेत्राबाई उत्तीर्ण झाल्या. श्रीपादराव दोनदा नापास झाले. तेव्हापासून सुकाणू सुनेत्राबाईंचे आणि दोर श्रीपादरावांचे, अशी वाटणी झाली होती, आणि ती त्यांनी मनापासून मान्य केली होती.

धक्का म्हणजे पाण्यावर तरंगणारा लांबलचक लाकडी तराफाच होता. तो नदीच्या तळात रोवलेल्या लोखंडी खांबांना कड्यांनी अडकवलेला असे. पाणी चढले की तराफा खांबांवरून वर सरके, उतरले की खाली येई. परंतु खांबांनाही शेवट असतो. कोलोनच्या मापावर पाणी नऊ मीटरला पोचले की तराफा खांबांच्या डोक्यावरून निसटणार आणि त्याला बांधलेल्या नौकांसकट प्रवाहात जाणार, हे सर्वांना ठाऊक होते. यंदाच्या पुराचा अंदाज नऊ मीटरच्या वरचा होता. म्हणून धक्क्याची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी शनिवारीच सर्वांना कळवले होते की नदीच्या खालच्या अंगाला, नऊ किलोमीटरवर असलेल्या मालवाहू बंदरात आसरा मिळेल. ज्याने त्याने नेमून दिलेल्या दिवशी तेथे जावे. आणि पाणी आठ मीटर तीसला पोचले की नदीवरची सगळी वाहतूक बंद होईल, त्याच्या आत जावे.

मंदाकिनीला बुधवार मिळाला. बुधवारी अमावास्या होती.

आधीच पौष महिना, त्यात अमावास्या. श्रीपादरावांचे वडील वाईला वेदशाळेत शिकवत. मुलगा उपकरणांचे शास्त्र शिकला तरी पंचांग कसे पाहावे हे त्याला विसरू दिले नव्हते. पुण्याहून दरवर्षी मागवलेल्या पंचांगातील वेळा कोलोनच्या सूर्योदयाप्रमाणे बदलून श्रीपादराव वहीत लिहून ठेवत. अमावास्येला आपले घरच पाण्यावर लोटायचे, ही गोष्ट त्यांच्या मनाला रुचेना. पण वाडवडिलांनी अशा अडचणीवरही उपाय सांगून ठेवलेला आहे. निघणे अवश्य असेल आणि दिवस चांगला नसेल, तर आधीच्या चांगल्या वेळी प्रवाशाची एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवावी. त्याला प्रस्थान ठेवणे म्हणतात. वस्तू निघाली की प्रवासी निघाला असे मानतात. मग माणसाने केव्हाही निघावे, वाटेत ती वस्तू उचलावी आणि पुढे जावे. तेवढे पाळायचे असते की ती वस्तू घराकडे परत आणायची नाही.

सोमवारी त्रयोदशी होती आणि पहिली चौघडी अमृताची. श्रीपादरावांनी एका पिवळ्या कापडात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि एक नाणे घेतले. मग ते विचारात पडले. माणसाचा प्रवास असता तर अंगावरचे उपरणे ठेवले असते. पण येथे प्रवासी कोण? प्रवासी ही नौका. मग वस्तूही नौकेचीच हवी, आणि अशी हवी की जिच्यावाचून नौका हलत नाही. त्यांनी हुकावरची किल्ली काढून पुरचुंडीत बांधली. युपची आणि आपली निघण्याची वेळ एकच आहे. निघताना त्याच्याकडून घेऊ, असा त्यांचा सरळ हिशेब होता. सुनेत्राबाईंना मात्र त्यांनी हे सांगितले नाही. त्या हसल्या असत्या, आणि त्यांचे हसणे दिवसभर पुरे.

युप हा जन्माने कोलोनचा, चाळीस वर्षे मालवाहू जहाजांवर काढलेला माणूस. त्याने पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली आणि गंभीरपणे विचारले, "हिचं मी काय करायचं?"

"जमिनीला टेकवायची नाही. आणि एक लक्षात ठेव. ही आता मागे न्यायची नाही. पुढेच न्यायची."

"मागे नाही, पुढेच," युपने मान डोलावली होती.

आणि त्याने शब्द पाळला होता.

"मी जरा वर ऑफिसात जाऊन येतो," श्रीपादराव पेला खाली ठेवत म्हणाले. "एका कागदावर सही राहिलीय."

"आत्ता?"

"आलोच."

"टोपी घाला. आणि लवकर या, पाणी थांबणार नाही तुमच्या सहीसाठी."

तराफ्यावरून बांधावर जाणारा लहानसा पूल एरवी खालून वर चढत जाई. आज तो जवळजवळ आडवा झाला होता. त्यावरून जाताना श्रीपादरावांनी शेवटच्या खांबाकडे पाहिले. सुनेत्राबाईंनी काल त्याच्या टोकापासून तीन हातांवर लाल लोकर बांधली होती. लोकर आता पाण्यात होती. बांधावर पोचताच, नौकेवरून आपण दिसणार नाही अशा जागी, एका लिंडनच्या जुन्या वृक्षाआड उभे राहून त्यांनी युपला फोन लावला.

"पोचलो, बांधलं," युप म्हणाला. "तुम्ही निघालात का?"

"युप, ती पुरचुंडी कुठे आहे?"

"सुकाणूच्या वर टांगलीय. कुठेही टेकवलेली नाही. काळजी करू नकोस."

"तिच्यात माझ्या इंजिनाची किल्ली आहे."

पलीकडे युपची खुर्ची करकरली.

"श्रीपाद," युप म्हणाला, "तू मला म्हणालास, मागे न्यायची नाही. पुढेच न्यायची."

"म्हणालो."

"मी पुढे नेली."

"तुझं काही चुकलं नाही रे."

"मी नौका घेऊन उलट्या प्रवाहात आता येऊ शकत नाही. गुडघ्यामुळे चालतही येता येत नाही. तू ये. बस पकड. आणि सुनेत्राला सांगून ये."

श्रीपादरावांनी शेवटचे वाक्य ऐकले नाही असे स्वतःला पटवले आणि ते बसथांब्याकडे झपाझप चालू लागले.

नदीकाठचा रस्ता बंद होता. बसच्या पाटीवर 'उमलाइटुंग' असे लिहून आले. म्हणजे बस आता वळसे घेत जाणार. ती कोणत्या गल्ल्यांतून हिंडली याचा त्यांना पत्ता लागला नाही. प्रत्येक थांब्यावर दार उघडे, कोणीही चढत-उतरत नसे, आणि दार मिटायला एक युग जाई. त्यांनी फोनवर पाण्याचे माप पाहिले. सात मीटर अठ्ठ्याण्णव. पुन्हा पाहिले. तेच. दर पंधरा मिनिटांनी आकडा बदलतो हे ठाऊक असूनही ते दर मिनिटाला पाहत होते.

मग त्यांना आठवले की दुसरी किल्ली ऊर्मिलाकडे आहे. गेल्या उन्हाळ्यात लेक आली होती, तेव्हा ती चुकून तिच्या पिशवीत गेली होती. त्यांनी म्युनिकला फोन लावला.

"बाबा? मी मीटिंगमध्ये आहे. सगळं ठीक ना? तुम्ही निघालात का बोट घेऊन?"

"निघतोय. ऊर्मिला, ती दुसरी किल्ली..."

"आहे ना, माझ्या ड्रॉवरमध्ये. का? बाबा. पहिली कुठेय?"

त्यांनी सांगितले. थोडक्यात सांगायचे म्हटले तरी प्रस्थानाचे सगळे सांगावे लागले.

"आल्झो, हे बघा," ऊर्मिलाने श्वास सोडला. "मी आत्ता उठून आयसीई ट्रेन पकडली तरी चारच्या आत तिथे पोचत नाही. आई काय म्हणाली?"

"तिला अजून..."

"नाही सांगितलंत."

"सांगतो."

"गेनाऊ! नेमकं हेच तुम्ही नेहमी करता, बाबा. माझं लग्न मोडलं तेव्हाही महिनाभर आईला सांगितलं नव्हतंत. तिला फोन करा. आत्ता."

त्यांनी फोन केला नाही. पण दहाला पाच कमी असताना फोन वाजला आणि पडद्यावर सुनेत्राबाईंचे नाव आले. श्रीपादरावांनी तो हातात धरून ठेवला. काय सांगावे? वाजणे थांबले. त्यांनी तो कोटाच्या खिशात टाकला. दहा मिनिटांनी तो खिशात पुन्हा थरथरला. त्यांनी खिशावर हात दाबून धरला, जणू शेजारी बसलेल्या वृद्ध बाईंना तो ऐकू जाईल ही चिंता होती. किल्ली हातात आली की सगळे एकदमच सांगू, असे त्यांनी ठरवले. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ते बसमधून उतरत होते.

बंदरात नौकांची दाटी झाली होती. भिंतीला एक नौका, तिला चिकटून दुसरी, दुसरीला तिसरी, अशा रांगा लागल्या होत्या. युप आपल्या डेकवर खुर्चीत, पाय लांब करून बसला होता. त्याच्या डोक्यावर पिवळी पुरचुंडी लोंबत होती.

"तुझ्या बायकोचा मला दोनदा फोन आला," तो म्हणाला. "तू तिला फोन का करत नाहीस?"

"काय म्हणाली?"

"मला म्हणाली, किल्ली तुझ्याकडे आहे का. मी खोटं बोलत नाही. मग म्हणाली, तिकडे जागा उरलीय का. मी म्हटलं, तुमच्यासाठी माझ्या अंगाला जागा राखलीय, पण बंदराचा माणूस दुपारनंतर राखू देणार नाही. मग तिने ठेवून दिला. आणि ही एक गोष्ट मला कळत नाही." युपने पुरचुंडीकडे बोट दाखवले. "आता ही मागे नेलीस तर चालेल?"

श्रीपादरावांनी हात उंचावून पुरचुंडी उतरवली आणि तिची गाठ सोडली. त्यांनी किल्ली काढून आतल्या खिशात ठेवली, तांदूळ-सुपारी तशीच पुन्हा बांधली आणि युपच्या हाती दिली.

"ती राहू दे तुझ्याकडे," ते म्हणाले. "किल्ली फक्त नेतो."

"तुमच्यात अशी सूट असते?"

"मला ठाऊक नाही," श्रीपादराव म्हणाले, आणि हे वाक्य आपण आयुष्यात फार वेळा उच्चारलेले नाही असे त्यांना वाटून गेले.

परतीची बस तासभर आलीच नाही. आली ती वाटेतच थांबली. पुढच्या भुयारी रस्त्यात पाणी शिरले होते. चालकाने सर्वांना उतरवले. अडीच किलोमीटर उरले होते. एकाहत्तर वर्षांचे श्रीपादराव ओल्या पदपथावरून धावू लागले; धावता येईना तेव्हा चालू लागले, आणि चालताना पुन्हा धावू लागले. आठ मीटर सोळा. छातीत कळ यायची तेव्हा ते एखाद्या कुंपणाला टेकत. आठ मीटर एकवीस. अजून वेळ होता. प्रवाहाच्या दिशेने जायचे, नऊ किलोमीटर पस्तीस मिनिटांत होतील. सुनेत्रा सुकाणूवर असली की चिंता नाही. आपण किल्ली द्यायची, दोर सोडायचे, निघायचे. सव्वा वाजता त्यांच्या फोनवर सूचना उमटली. वाढीचा वेग पाहून वाहतूक ठरलेल्या मापाची वाट न पाहता तत्काळ बंद करण्यात आली आहे.

ती वाचूनही ते थांबले नाहीत. थांबून करायचे काय, हे त्यांना सुचले नाही.

बांधाच्या माथ्यावर ते पोचले आणि त्यांनी खाली पाहिले. तराफा होता. खांबांची टोके त्याच्यावर जेमतेम दीड हात उरली होती. आणि ज्या जागी गेली नऊ वर्षे मंदाकिनी उभी होती, तेथे काहीही नव्हते.

त्यांना प्रथम आपण चुकीच्या ठिकाणी आलो असे वाटले. मग युपची रिकामी जागा ओळखू आली, तिच्या पलीकडची आपलीही ओळखू आली. तराफ्याला बांधलेला दोर दिसत नव्हता. तुटला असेल. सुनेत्रा आत असेल. ते ओल्या गवतात बसले. नदीच्या मध्यावरून काळे, लांबट असे काही वाहत चालले होते. ते झाड होते. परंतु ते झाड आहे हे पटायला फार वेळ लागला.

फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला. पडद्यावर सात न घेतलेले फोन होते. त्यांनी नावावर बोट दाबले. एक घंटा. दुसरी.

"उचललात का एकदाचा?" सुनेत्राबाई म्हणाल्या.

"कुठे आहेस तू?"

"तुम्ही कुठे आहात?"

"बांधावर. नौका नाहीये गं."

"आहे. उठा. डावीकडे बघा. आणखी डावीकडे. झुडपांच्या मागे."

खाचेच्या अगदी आतल्या टोकाला, जेथे उन्हाळ्यात कुरण असे आणि कुरणाच्या कडेला ब्लॅकबेरीच्या जाळ्या, तेथे आता पाणी पसरले होते. त्या पाण्यावर, प्रवाहापासून दूर, बांधाच्या कुशीत मंदाकिनी स्थिर उभी होती. तिच्या पुढच्या टोकावर पिवळा रेनकोट घातलेली एक लहानशी आकृती हात हलवत होती.

श्रीपादराव तिकडे कसे पोचले ते त्यांना नंतर आठवले नाही. पाण्यात गुडघाभर उतरून ते शिडीने वर चढले. सुनेत्राबाईंचे तळहात सोलवटले होते. त्यांवर रुमाल गुंडाळलेले होते.

"ही... ही इथे कशी आली?"

"ओढून आणली."

"ओढून?"

"इंजिन नाही म्हणजे हात तर आहेत. साठ मीटरच तर आणायचं होतं. खाचेत प्रवाह नाही. धक्क्याच्या बाई होत्या, कोपऱ्यातल्या नौकेवरचे ते दोघे भाऊ होते. त्यांनी पुढून दोर ओढला, मी काठीने रेटत आले. बाई म्हणत होत्या, ही जागा नकाशावर नाही, इथे बांधायची सोय नाही. मी म्हटलं, आहे. दर ऑगस्टमध्ये मी इथे बेरी वेचते. त्या जाळ्यांत जुन्या लोखंडी कड्या आहेत, दगडात बसवलेल्या, मनगटाएवढ्या जाड. पूर्वी मालाची जहाजं पुरात इथेच आणत असतील. नाहीतर कुरणात कड्या कोण बसवील?"

श्रीपादरावांनी पाहिले. काट्यांतून दोन दोर खाली उतरले होते आणि बांधाच्या पायथ्याच्या दगडांत दिसेनासे झाले होते.

"पण सुनेत्रा, मी किल्ली आणली आहे," ते म्हणाले, आणि म्हणताच त्यांना आपली लाज वाटली.

"ठेवा हुकावर. पाणी उतरताना लागेल."

"माझं चुकलं."

"हो."

"मला वाटलं, निघताना युपकडून घेऊ. त्रयोदशीला प्रस्थान..."

"सांगितलं मला युपने. जर्मन माणसाकडून प्रस्थान म्हणजे काय ते ऐकलं मी आज. तुमच्याहून बरं सांगितलं त्याने." त्या हसल्या नाहीत. "अहो, किल्लीचं मला काही नाही. तुमच्या वडिलांचं तुम्ही पाळता, त्यात माझं काय जातं? चव्वेचाळीस वर्षं बघतेय. पण सात वेळा फोन केला मी. दहाला तुम्ही सांगितलं असतंत, तर दहालाच ओढायला घेतली असती. पाऊण वाजेपर्यंत मी वाट बघत बसले, हे आता येतील, किल्ली आणतील, म्हणून. तेवढ्यात इथलं पाणी वीतभर चढलं. आणि शेवटी तुम्ही रस्त्यात कुठे पडलात की काय, तेही मला कळेना. एकीकडे दोर ओढत होते आणि एकीकडे हॉस्पिटलचे नंबर आठवत होते."

श्रीपादरावांनी मान खाली घातली. त्यांच्या बुटांतून डेकवर पाणी निथळत होते.

"बूट काढा आधी," सुनेत्राबाई म्हणाल्या. "मोजे बदला. मग बाहेर या. काम संपलेलं नाही."

ते खरेच संपले नव्हते. पाणी अजून चढायचे होते. कड्या पक्क्या होत्या, जागच्या हलणाऱ्या नव्हत्या. म्हणून नौका वर उचलली गेली की दोर ताणले जाणार, आणि दोर आखूड पडले की तेच दोर तिला एका अंगाला ओढून पाण्याखाली घालणार. दोर फार सैल सोडावेत, तर नौका बांधाच्या उतारावर सरकून बसणार आणि पाणी उतरल्यावर कलंडणार. म्हणून खोल पाण्याच्या बाजूला त्या दोघा भावांनी एक नांगर टाकून दिला होता, आणि उताराच्या बाजूला दोन लांब वासे टेकवले होते. अर्ध्या-अर्ध्या तासाला किनाऱ्याचे दोर दोन बोटे सोडायचे, नांगराचा दोर पाहायचा, वासे हलवायचे. दोर हे श्रीपादरावांचे काम. ते कोरडे मोजे घालून बाहेर आले आणि पहिल्या दोरापाशी बसले.

त्या रात्री दोघेही आळीपाळीने झोपले, किंवा झोपल्यासारखे पडले. पहाटे केव्हातरी तराफ्याच्या बाजूने लोखंडाचा एक दीर्घ कर्कश आवाज आला. उजाडल्यावर दिसले की तराफ्याचे बाहेरचे टोक खांबांवरून निसटून प्रवाहात तिरपे झाले आहे आणि ज्या तुकड्याला कालपर्यंत मंदाकिनी बांधलेली होती, तो तुकडा मोडून गेला आहे. सुनेत्राबाईंनी तिकडे एकदा पाहिले आणि त्या पोहे भिजवायला आत गेल्या. श्रीपादराव बराच वेळ पाहत राहिले. नदीला दुरून हात जोडावेत असे त्यांच्या मनात आले; पण हातात दोर होता आणि तो सोडण्याजोगा नव्हता, म्हणून त्यांनी नुसती मान लववली.

गुरुवारी बारानंतर माप नऊ मीटर बारावर येऊन थांबले. त्यांनी बांधाच्या एका दगडावर खडूने रेघ ओढली होती, ती पाण्याच्या काठाला लागून होती. एक वाजला. रेघ आणि पाणी यांच्यात बोटभर दगड ओला दिसू लागला. श्रीपादरावांना वाटले, लाटेमुळे असेल. त्यांनी चष्मा पुसला. पाव तासाने पाहिले तर दोन बोटे ओली होती.

त्यांनी काही ठरवण्याआधी हाक मारली.

"सुनेत्रा! पाणी उतरतंय असं वाटतं."

"वाटतं की उतरतंय?" सुनेत्राबाईंनी खिडकीतून विचारले.

"दोन बोटं. तू येऊन बघ."

सुनेत्राबाई बाहेर आल्या. त्यांनी रेघ पाहिली, वासे पाहिले, नौकेच्या बुडाखाली काठी घालून तळ किती हातांवर आहे ते पाहिले. तळ जवळ होता. पाण्यासोबत बाहेर सरकलो नाही तर संध्याकाळपर्यंत मंदाकिनी कुरणावर बसणार होती.

"आता बाहेर सरकायचं," त्या म्हणाल्या. "किनाऱ्याचे सोडत जायचं आणि नांगराचा ओढत जायचं. मी किनाऱ्याचे सांभाळते. तुम्ही नांगरावर जा. आणि एकट्याने ओढू नका, सांगून ओढा."

श्रीपादराव मागच्या टोकाला गेले. नांगराचा दोर थंड, ओला आणि चिखलाने गुळगुळीत झालेला होता. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, पाय रोवले आणि मान वळवली.

"ओढतोय गं. पुढचा सोड."

"थांबा... हं. सोडला. ओढा."

त्यांनी ओढला. नौका हातभर बाहेर सरकली.

"थांबलो," ते म्हणाले. "तिकडे काय?"

"मागचा अडकलाय काट्यात. थांबा, सोडवते."

ते दोर धरून थांबले.